दुपारच्या वाती

आठवड्यातून तीनदा, मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी, मधुसूदनराव सकाळी आठला प्रतापनगरातल्या घराला कुलूप लावून निघत. ऑटोने मोर भवन, तिथून सावनेरची बस. पिशवीत पाण्याची बाटली, शिऱ्याचा छोटा डबा आणि एक पुस्तक. पुस्तक बसमध्ये उघडलं जात नसे, पण ते बरोबर नसलं की चष्मा विसरल्यासारखं वाटे. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांनी चौतीस वर्षं कॅटलॉगची कार्डं लिहिली होती. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी कोणी काही विचारलं की आधी खाली मान घालून मनातल्या मनात कार्ड शोधायचं आणि मग बोलायचं, ही सवय गेली नव्हती. तोवर समोरचा माणूस बहुतेक वेळा निघून गेलेला असे.

पाटणसावंगी मागे पडली की खाप्याकडे एक रस्ता फुटतो. त्याच्या थोडं अलीकडे 'सांजसावली' हा वृद्धाश्रम होता. इमारत पूर्वी मंगल कार्यालयाची. पंगतीच्या हॉलमध्ये आता खाटा होत्या, आणि दोन बाजूंच्या दारांवरच्या पितळी पाट्या कोणी काढल्या नव्हत्या. बायका वधूपक्षात राहत, पुरुष वरपक्षात. सगळे मिळून चौतीस जण, आणि बहुतेकांना आपण कोणाच्या लग्नाला आलो आहोत हे आठवत नव्हतं.

वरपक्षाच्या दाराशी भिवापूरकडचे रुपराव नावाचे शेतकरी बसलेले असत. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारत, "धुरा कोणं फोडला गा?"

पहिल्या दिवशी मधुसूदनराव गोंधळले. शेताचा बांध फोडल्याचा आळ आपल्यावर यावा असं आपण काय केलं, हे त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. "मी नाही," ते म्हणाले.

"सारेच असं म्हणते," रुपराव म्हणाले, आणि समजूतदारपणे हसले.

पत्नीला, यमुताईंना, तिथे ठेवून आठ महिने झाले होते. गेल्या वर्षी भर मे महिन्यात दुपारी एक वाजता त्या अनवाणी घराबाहेर पडल्या आणि खामल्याच्या बाजारात सापडल्या, तेव्हा तळपायांना फोड आले होते. मधुसूदनराव सत्त्याहत्तर वर्षांचे, हृदयात एक स्टेंट. मुलगा अपूर्व बंगळुरूला. त्याने चार जागा बघून ही निवडली. जागा वाईट नव्हती. स्वच्छ होती, आणि कोणी ओरडून बोलत नसे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तिथल्या व्यवस्थापकाने, धर्मेंद्रने, त्यांना ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. एक छापील कागद पुढे सरकवला.

"काकाजी, आजींचे हात पाहिले ना? दिवसभर चालूच. मांडी घासून घासून लाल केली. डॉक्टर म्हणाले, ही अस्वस्थता आहे. शांत राहायची गोळी देऊ. फॅमिलीची सही लागते, बस."

हातांचं मधुसूदनरावांना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या अधिक श्रावणात यमुताईंनी लाख वातींचा संकल्प सोडला होता. पुढच्या अधिक महिन्यापर्यंत लाख वाती वळायच्या आणि देवापुढे जाळायच्या. त्यांच्या उमरेडच्या आईनेही तसं केलं होतं. रोज दुपारी जेवणं आटोपली की त्या देवघराच्या कोपऱ्यात चटईवर बसत. बोटांना चिमूटभर राख लावायची, परडीतला कापूस ओढायचा, मांडीवर तळहाताने वळायचा. शंभर झाल्या की एक जुडी. मग आजार आला. आधी जुड्यांची मोजणी गेली, मग नातवाचं नाव, मग स्वयंपाकघर कुठल्या बाजूला ते. हात मात्र काही विसरले नाहीत. कापूस नसला तर पदराचं टोक वळत. 'सांजसावली'त कापूस द्यायला मनाई होती, तोंडात घालतील म्हणून. म्हणून त्या नुसत्या मांडीवरच वळत होत्या.

हे सांगायला चार वाक्यं पुरली असती. मधुसूदनरावांनी खाली मान घातली. "त्या म्हणजे... ती वाती..."

धर्मेंद्रचा फोन वाजला. तो एक बोट वर करून, थांबा असं खुणावून, गॅलरीत गेला. परत आला तेव्हा मधुसूदनरावांना वाटलं, ही माणसं रोज अशा चौतीस जणांना बघतात. डॉक्टर बघतात. आपण कोण सांगणारे. त्यांनी सही केली. अक्षर नेहमीप्रमाणे स्वच्छ आलं.

गुरुवारी ते गेले तेव्हा यमुताई उशीला टेकून बसल्या होत्या. तोंड किंचित उघडं, ओठाच्या कोपऱ्याशी लाळ. दोन्ही हात चादरीवर पालथे होते, कोणी काढून बाजूला ठेवल्यासारखे.

"बघा, किती शांत," जाता जाता धर्मेंद्र म्हणाला.

त्या आठवड्यात मधुसूदनरावांना घरी चटईवर एक वात सापडली.

चटई, परडी, राखेची वाटी, सगळं यमुताई 'सांजसावली'त गेल्या त्या दिवशी होतं तसंच होतं. उचलून ठेवायचा धीर त्यांना झाला नव्हता. वात आपल्या नजरेतून सुटली असेल, असं ते स्वतःशी म्हणाले आणि ती परडीत टाकली. दुसऱ्या दिवशी तीन होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका संध्याकाळी, दोऱ्याने बांधलेली जुडी होती. दोऱ्याची गाठ डावीकडून घातलेली. यमुताई डावखुऱ्या होत्या.

मधुसूदनराव खुर्चीत बसले आणि त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. नागपूर जिल्ह्यातले तालुके: नरखेड, काटोल, कळमेश्वर, सावनेर, पारशिवनी, रामटेक, मौदा, कामठी, हिंगणा, उमरेड, कुही, भिवापूर, आणि नागपूर शहर नि ग्रामीण. चौदा. बरोबर. मराठी साहित्याचा वर्गांक आठशे एक्याण्णव पॉइंट सेहेचाळीस. कालची भाजी दोडक्याची. डोकं ठीक होतं. डोकं ठीक असणाऱ्या माणसाने आता काय करायचं, हे मात्र कुठल्या कार्डावर नव्हतं. म्हणून त्यांनी जुन्या कार्डांचा गठ्ठा काढला, एकाच्या कोऱ्या बाजूवर तारीख घातली आणि लिहिलं, 'वाती : १०० (एक जुडी). दारं-खिडक्या बंद. किल्ली माझ्याजवळ.'

आवाज ऐकू आला तो मार्चच्या शेवटी, दुपारी वीज गेली तेव्हा. कूलर थांबला. खसाच्या ताट्यांतून ठिबकणारं पाणीही थांबलं. ते खिडकीपाशी वाचत बसले होते, कोपऱ्याकडे पाठ करून. मागे कापूस ओढल्याचा आवाज झाला, आला न आला असा. मग तळहात लुगड्यावरून मांडीकडून गुडघ्याकडे गेल्याची कोरडी सर्र. क्षणभर काही नाही. मग पुन्हा कापूस.

बावन्न वर्षांचा संसार. हा आवाज त्यांनी कधी वेगळा काढून ऐकला नव्हता, भिंतीवरच्या घड्याळासारखा.

मान वळवली असती तर दिसलं असतं. ते वळले नाहीत. भीतीने नव्हे. एखादी बाई काम करत बसली असताना तिच्याकडे टक लावून बघणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं, मग ती स्वतःची बायको का असेना. ते त्याच पानावर नजर ठेवून बसले. सहा वाजता आवाज थांबला. चटईवर जुडी होती, आणि चटई जिथे दबली होती तिथे हात लावला तर ऊन होती.

कार्डांवर नोंदी वाढत गेल्या. रोज सव्वादोनच्या सुमारास सुरू. सहाला बंद. रविवारीसुद्धा. तेरा एप्रिलला बाहेर लग्नाचा बँड वाजत होता तरी खंड नाही. फक्त एका शुक्रवारी काहीच झालं नाही. ते सव्वादोनपासून खुर्चीत बसले, चार वाजले, पाच वाजले. साडेपाचला त्यांच्या लक्षात आलं की आपण पुस्तकाचं एकही पान उलटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सव्वादोनला आवाज परत आला. आणि रविवारी 'सांजसावली'त गोपिका त्यांना गाठून बोलली. गोपिका तिथे आया होती, खाप्याची, चाळिशीतली, चौतीस जणांचं पुसणं-धुणं करणाऱ्या तिघींपैकी एक.

"परवा शुक्रवारी गोळ्याच नाही आल्या, काकाजी. दुकानवाल्यानं पाठवल्याच नाही. सारा हॉल जागा होता बाप्पा. रुपरावजीनं तं भिंतीलेबी धुरा इचारला. अन् माय दिवसभर हात चालवून राहिली होती. तुमचं नाव घेतलं."

"माझं नाव?"

"'अहो कुठे गेले' म्हणे. तेच न तुमचं नाव?"

मधुसूदनराव हसले. मग त्यांनी खाली बघून विचारलं, "गोळी म्हणजे, रात्रीची अर्धी ना? चिठ्ठीत अर्धी आहे."

गोपिकेने दाराकडे पाहिलं. "चिठ्ठी फाइलीत राहते. दुपारी दोनले एकच वाटी फिरते साऱ्याइले. दोन-दोन गोळ्या. आमी तिघी जणी, काकाजी, अन् हे चौतीस. सर म्हणते, दोन ते सहा कोणी उठलं नाही पाहिजे."

दोन ते सहा. त्यांनी ते दोन आकडे मनात जुळवले, जसे ते आयुष्यभर लेखक आणि शीर्षक जुळवत आले होते. जुळले. तिथे तिचे हात बंद पडत होते, तेव्हा इथे चालू होत होते.

"तुमी लेखी द्या, काकाजी. घरच्याइनं लेहून देल्लं तं सरले बंद करा लागते."

"देतो," ते म्हणाले. "बघतो मी."

घड्याळात पावणेबारा झाले होते. दोनच्या आत घरी पोचायचं तर बाराची बस हवी होती. यमुताईंच्या तोंडात शिऱ्याचा शेवटचा घास तसाच होता, त्या तो गिळायला विसरल्या होत्या. मधुसूदनराव उठले आणि बसकडे भरभर चालत गेले. हे त्यांनी कार्डावर लिहिलं नाही.

त्या एप्रिलच्या दुपारी त्यांच्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी होत्या, हेही त्यांनी कुठे लिहिलं नाही. ते मोठ्याने वाचू लागले. पूर्वी असंच असे. त्या वळत, ते वाचत, एखादं कंटाळवाणं पान त्यांनी गाळलं की त्या मान वर न करता म्हणत, "मधलं राहिलं." आता त्यांनी एक जुनं प्रवासवर्णन काढलं. नदीकाठचा एक लांबलचक परिच्छेद त्यांनी मुद्दाम गाळून पाहिला. मागे सर्र थांबली. ते वाट बघत राहिले. मग मागे जाऊन तो परिच्छेद वाचला, आणि वळणं पुन्हा सुरू झालं.

अर्ज लिहायला ते रोज बसत. 'माननीय महोदय' लिहून झालं की वाटे, उद्या. आपण औषधातलं काय जाणतो? गोपिकेची नोकरी जाईल, तिचं काय? अशी कारणं त्यांच्यापाशी भरपूर होती आणि प्रत्येक खरं होतं. खालचं, न लिहिलेलं कारण त्यांना माहीत होतं. अर्ज दिला तर दुपार रिकामी होणार होती.

मे लागला. पारा पंचेचाळीसवर गेला. जुड्या बिस्किटांच्या डब्यात मावेनात म्हणून त्यांनी मोठा डबा घेतला. 'सांजसावली'त मात्र यमुताई लहान होत चालल्या होत्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात. पापण्या अर्ध्या उघडायच्या, पण बुबुळं कुठे लागायची नाहीत. रुपराव खाटेवर आडवे असत, भिंतीकडे तोंड करून. मधुसूदनराव एकदा त्यांच्यापाशी थांबले.

"रुपरावजी, धुरा सापडला का?"

रुपरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि कोणता धुरा असं विचारण्याइतकंही त्यांच्या डोळ्यांत काही हललं नाही.

तिसऱ्या मंगळवारी गोपिकेने पडदा ओढला, यमुताईंना कुशीवर केलं आणि लुगडं बाजूला सारलं. माकडहाडापाशी रुपयाएवढी जागा काळी पडली होती आणि मधून ओली होती.

"हालतच नाही न, काकाजी. पडल्या पडल्या माणूस असं सडते."

मधुसूदनरावांनी तोंड फिरवलं. "लिहिणार आहे मी. अर्ज."

"महिना झाला तुमी लेहून राहिले." ती लुगडं सारखं करत होती. आवाज चढलेला नव्हता. "एक इचारू? राग नका मानू. तुमालेबी मायबाई झोपलेलीच बरी वाटते का?"

पडद्यापलीकडे कोणाचा तरी श्वास घोगरा वाजत होता. मधुसूदनरावांनी खाली मान घातली. या वेळी शोधायला कार्ड नव्हतं.

ते ऑफिसात गेले. धर्मेंद्र कोणाशी बोलत होता. ते दारात उभे राहिले, आणि निघून गेले नाहीत. "मी तिला घरी नेतो," ते म्हणाले. "आज."

"काकाजी, बसा तर. असं नाही होत. तुमच्याने होणार आहे का? मुलाशी बोललात?"

अपूर्वला फोन लावला गेला. तो मीटिंगमधून बाहेर आला. "बाबा, प्लीज. तुम्ही एकटे आहात. ते लोक रोज हेच करतात, त्यांना कळतं."

"हो," मधुसूदनराव म्हणाले. "मलाही तसंच वाटलं होतं." आणि जरा थांबून, "अपूर्व, तिच्या पाठीला भोक पडलंय."

"फोन त्यांना द्या, बाबा," अपूर्व म्हणाला.

दुपारी एकला भाड्याच्या गाडीत, मागच्या सीटवर, यमुताईंचं डोकं मांडीवर घेऊन ते नागपूरकडे निघाले. गोपिका पुढे बसली होती. तिने नोकरी सोडल्याचं कोणाला सांगितलं नव्हतं, नुसती चप्पल घालून आली होती. कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसू लागली तेव्हा मधुसूदनरावांनी यमुताईंचा डावा हात हातात घेतला. तळवा गुळगुळीत होता. कापसाने आणि राखेने आलेला खरखरीतपणा पार गेला होता.

शेजारच्या डॉक्टर सुरुचीने त्यांना तपासलं. गोळ्यांची पट्टी उजेडात धरून वाचली, आणि काही वेळ ती कोणाकडे बघेना. "एकदम बंद नाही करायच्या, काका. तीन आठवड्यांत हळूहळू उतरवू. मग बघू किती परत येतात त्या. पूर्ण येतील असं मी सांगू शकत नाही. पण ज्या आहेत त्या तर दिसतील."

खाट मधल्या खोलीत टाकली. गोपिका सकाळी सातला येई आणि एकला जाई. तिने जखम धुतली, दर दोन तासांनी कूस बदलायला मधुसूदनरावांना शिकवलं, आणि ते शिकले. चौथ्या दिवशी झाडताना तिने कोपऱ्यातली परडी पाहिली.

"कापूस ताजा दिसते. कोण वळते वाती?"

"जुन्या आहेत," मधुसूदनराव म्हणाले.

आवाज येतच होता. दोन वाजता यमुताई उरल्यासुरल्या गोळीच्या गुंगीत जात आणि सव्वादोनला चटईवर वळणं सुरू होई. आता एकाच घरात दोन्ही. मधुसूदनराव खाट आणि चटई यांच्यामध्ये, दोन खोल्यांच्या दारात, खुर्ची घालून बसत आणि वाचत. त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट हिशेब सरळ होता. गोळी उतरेल तसा चटईवरचा आवाज मंदावेल, आणि तेवढेच खाटेवरचे हात हलू लागतील. एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतावं तसं. ते वाट बघत होते. कार्डांवर त्यांनी आता दोन रकाने आखले होते, 'चटई' आणि 'यमू'.

दुसऱ्या आठवड्यात यमुताईंचे डोळे पुरते उघडले. त्या घास गिळू लागल्या. गोपिकेला एकदा "हो" म्हणाल्या. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. मधुसूदनरावांनी फोनवर अपूर्वला हे सगळं सांगितलं, आणि अपूर्व फोनवरच रडला, जे त्याने बारावीनंतर केलं नव्हतं.

'चटई' या रकान्यात काही कमी होत नव्हतं. रोज एक जुडी, कधी दीड.

'यमू'च्या रकान्यात हातांपुढे काही लिहिण्यासारखं नव्हतं.

"हे पहा, माय," एका सकाळी गोपिका म्हणाली. तिने कापसाचा पेळू यमुताईंच्या बोटांत दिला. बोटं मिटली नाहीत. कापूस मांडीवरून फरशीवर पडला. तिने पुन्हा दिला, पुन्हा पडला. यमुताई सौम्यपणे तिच्याकडे बघत होत्या, कोणीतरी आपल्याला न येणारा खेळ शिकवत असल्यासारख्या.

"येईन येईन, हाताले वापस येईन," गोपिका म्हणाली, आणि घाईघाईने भांडी घासायला गेली.

गोळीचा शेवटचा पाव तुकडा रविवारी झाला.

सोमवारी दुपारी पावणेदोनला मधुसूदनरावांनी यमुताईंना धरून बाहेरच्या, चटई होती त्या खोलीत आणलं आणि खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी देऊन. गोपिकेने सकाळी त्यांची वेणी घातली होती, अंगात स्वच्छ सुती पातळ होतं. डोळे निवळले होते. त्या खिडकीकडे बघत होत्या, गुलमोहराकडे, मग घड्याळाकडे, मग त्यांच्याकडे. बघणं लागत होतं. वर्षभरात पहिल्यांदा लागत होतं.

दोन वाजले. त्या जाग्या होत्या.

मधुसूदनरावांनी कूलर बंद केला. पुस्तक न उघडता हातात धरलं.

दोन वाजून दहा मिनिटं. यमुताईंचे हात मांडीवर होते, पालथे, एकावर एक.

सव्वादोन.

मागे कापूस ओढल्याचा आवाज झाला. मग सर्र.

मधुसूदनराव यमुताईंच्या हातांकडे बघत राहिले. ते हलत नव्हते. नखं सुद्धा हलत नव्हती. मागे तळहात गुडघ्यापर्यंत गेला, थांबला, परत आला. हलका, सवयीचा, घाई नसलेला.

जे तिथे काढून घेतलं गेलं होतं ते परत येईल, असं त्यांनी धरलं होतं. ते घरी आलं होतं. तिच्यात आलं नव्हतं.

"यमू," ते म्हणाले.

यमुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून मागे, कोपऱ्याकडे. चेहऱ्यावर भीती नव्हती. परक्या घरी गेल्यावर असतो तसा संकोच होता. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, बैठकीतल्या अनोळखी यजमानाशी बोलावं तशा. "तुमच्या मिसेसना विचारता का? मी घटकाभर त्यांच्याजवळ बसले तर चालेल का?"

मधुसूदनरावांना मान वळवता आली नाही. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी धरलं.

मागे वात वळणं थांबलं.

मग वेताची परडी फरशीवरून सरकल्याचा आवाज आला, वीतभर, हळूच, शेजारी एका माणसाला बसता येईल इतकी जागा करत.